शाळेच्या चार नव्या खोल्या: मर्यादित निधीत आधी खर्च कशावर करावा?

प्रश्न: शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, औसा तालुका

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला चार नव्या वर्गखोल्या मंजूर झाल्या आहेत. जुन्या खोल्यांवर पत्रे असून त्यांच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. फेब्रुवारी लागला की दुपारनंतर ऊन थेट वर्गात येते आणि मुले बाकडी ओढत समोरच्या भिंतीला जाऊन टेकतात. उपाय म्हणून आम्ही खिडक्यांना जुने फ्लेक्स बांधले. त्याने ऊन अडले खरे, पण वाराही अडला, आणि आता भर दुपारी दिवे लावल्याशिवाय फळ्यावरचे अक्षर दिसत नाही.

नव्या खोल्यांचा जो कच्चा नकाशा आमच्या हाती आला आहे, त्यातही जागा उत्तर-दक्षिण लांबट असल्यामुळे खोल्यांची रांग तशीच धरून खिडक्या पूर्व-पश्चिमेला दाखवल्या आहेत. मंजूर निधीखेरीज गावाने थोडी लोकवर्गणी जमवली आहे. काही सदस्यांच्या मते ती सौर पॅनेलसाठी वापरावी, तर काहींना पीओपीचे छत हवे आहे. जमीन काळी आहे. इमारत कमी तापावी, वीज कमी लागावी आणि पुढे दुरुस्तीचा भार गावावर पडू नये, यासाठी पैसा आधी कुठे घालावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: वास्तुविशारद, छत्रपती संभाजीनगर

पैसा घालण्याआधी नकाशा फिरवून घ्या, कारण त्याला खर्च नाही आणि बांधकाम सुरू झाल्यावर ती संधी पुन्हा मिळत नाही. जागा उत्तर-दक्षिण लांबट असली, तरी खोल्याही तशाच असाव्यात असे बंधन नाही. दोन-दोन खोल्यांच्या दोन ओळी पूर्व-पश्चिम लांबीच्या करून मध्ये अंगण सोडता येते. मग प्रत्येक खोलीला उत्तर आणि दक्षिण अशा समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या मिळतात.

यामागचे गणित आपल्या अक्षांशाचे आहे. लातूर सुमारे १८.४ अंश उत्तरेला आहे. २१ मार्चला तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळपास ७२ अंश उंच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर त्याची सावली खाली सुमारे सहा फुटांपर्यंत पडते, म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात हाच सूर्य ४८ अंशांवर उतरतो आणि थोडे ऊन आत येते, तेव्हा ते हवेसेच असते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे कलतो, म्हणून उत्तरेलाही दीड फुटाचा छज्जा ठेवावा. पूर्व-पश्चिमेला मात्र ऊन तिरपे आणि खालून येते. तेथे छज्जा कितीही रुंद केला तरी ते अडत नाही, आणि म्हणूनच तुमच्या मुलांना बाकडी ओढावी लागतात. पश्चिमेची भिंत बंद ठेवावी, तिच्या बाजूला भांडारखोली किंवा जिना घ्यावा आणि व्हरांडा दक्षिणेला काढावा.

खिडकीचा वरचा काठ शक्य तितका उंच घ्या. उजेड खोलीत साधारणपणे त्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत चांगला पोहोचतो, त्यामुळे सात फुटांवर काठ असलेल्या खिडक्या दोन्ही बाजूंना असतील, तर वीस फूट रुंदीच्या खोलीत दिवसा दिवा लावण्याचे कारण उरत नाही. छताजवळ झरोके ठेवल्यास वर साठणारी गरम हवा बाहेर पडते.

उत्तर: शिक्षक, लोहारा तालुका

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त आपल्याकडील माळवदांची आठवण करून द्यावीशी वाटते. दगड-मातीच्या दोन-दोन फूट भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा जाड थर अशा घरात वैशाखातही दुपारी अंगावर चादर घेऊन झोपणारी माणसे मी पाहिली आहेत. आज सिमेंटच्या खोलीत रात्री दहा वाजेपर्यंत छत भाजत असते. शाळेच्या खोल्या माळवदाच्या पद्धतीने का बांधू नयेत?

उत्तर: स्थापत्य अभियंता, लातूर

सर, माळवदाच्या गारव्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, परंतु शाळेसाठी ती पद्धत जशीच्या तशी कोणी सुचवू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांपैकी बहुतेक याच जाड भिंती आणि मातीच्या जड छतांखाली गाडली गेली. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडून ठेवणारे आरपार दगड नव्हते, चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नव्हता. हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित मानला जात होता. २००२ च्या सुधारित भूकंप-नकाशात तो तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात घेतला गेला. मुले जेथे दिवसभर बसतात, तेथे जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांच्या वरची पातळी) आणि छत या तिन्ही पातळ्यांवर सळईचा सलग पट्टा हवाच, आणि त्यावरचा खर्च कोणत्याही कारणाने कमी करू नये.

माळवदाचा गुण मात्र घेता येतो. तो गुण असा, की उष्णता छताच्या वरच अडवली जाते. एकमजली शाळेत सर्वाधिक उष्णता छतातूनच येते, कारण ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असते. पाच इंची उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमका दुपारच्या सत्रात ती उष्णता खाली सोडू लागतो. म्हणून तुमची लोकवर्गणी मी छतावर खर्च करीन. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा उताराने करावा आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घ्यावेत. कोबा उष्णता अडवतो, पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि गळतीचाही बंदोबस्त होतो. चार इंच कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भरते. ते स्लॅबच्या मूळ गणितातच धरायला सांगा, मागाहून वर चढवू नका. चुन्याचा पांढरा हात त्याहून पुष्कळ स्वस्त पडतो, पण पावसाने तो जातो आणि दरवर्षी द्यावा लागतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा शीतल छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले आहे.

जुन्या पत्र्यांच्या खोल्या पाडण्याची घाई करू नका. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात गांडो या गावी वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये पूर्ण केलेली प्राथमिक शाळा पत्र्याचीच आहे. तेथे मातीच्या विटांचे छत खाली आणि पत्रा त्याच्यापासून बराच वर, लोखंडी सांगाड्यावर उचललेला आहे. मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो, गरम हवा निघून जाते, आणि रुंद वळचणीमुळे भिंतीही सावलीत राहतात. केरे यांना पुढे २०२२ मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तुमच्याकडे पत्र्याला बाहेरून पांढरा परावर्तक रंग द्यावा आणि खाली सिमेंट बोर्डाचे छत करून मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळ्या ठेवाव्यात. पीओपीचे बंदिस्त छत मी करणार नाही. पोकळीतली हवा कोंडून तापत राहते आणि पत्रा गळला की ते पहिल्याच पावसाळ्यात डागाळून फुगते.

काळ्या मातीबद्दल आग्रहाने सांगतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या चिरा पाडते. मातीचा थर दोन-तीन फूट असेल, तर पाया मुरमापर्यंत न्यावा. फार खोल असेल, तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेला काँक्रीटचा खोल खांब, हा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झालेला पर्याय आहे. इमारतीभोवती तीन-चार फुटांचा पक्का फरसबंद पट्टा ठेवून पाणी पायापासून दूर काढावे. पश्चिमेला सावलीसाठी लिंब, करंज जरूर लावा, पण भिंतीपासून निदान झाडाच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतके अंतर ठेवा, कारण मोठ्या झाडाची मुळे उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा ओढून घेतात. विटा घ्यायच्याच असतील, तर परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटांचा विचार करा. त्यांच्यासाठी शेतातली सुपीक माती खणावी लागत नाही.

उत्तर: वीजतंत्री, बीड

सौर पॅनेल नको असे मी म्हणणार नाही, पण त्याचा क्रम शेवटी येतो. चार खोल्यांत सोळा पंखे धरा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, म्हणजे एकूण १२०० वॅट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे तेच काम ४८० वॅटमध्ये होते. सहा तासांच्या शाळेत हा फरक रोज ७.२ युनिट विरुद्ध २.९ युनिट असा पडतो. नकाशा नीट झाला, तर दिवसा दिवे लागणारच नाहीत. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या जवळपास वीज देते, तेव्हा आधी पंखे बदलले तर चार खोल्यांना एक किलोवॅट पुरते. जुनेच पंखे आणि दिवे ठेवले, तर तीनची तयारी ठेवावी लागेल. जास्तीची वीज वीजवाहिनीत देऊन ती बिलात वळती करणारा नेट मीटर घेतल्यास उन्हाळी सुट्टीत तयार होणारी वीज वाया जात नाही. पॅनेल धुण्याची जबाबदारी ठरावात कोणाच्या तरी नावे लिहून ठेवा.

उत्तर: प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंजुरीतच पंखे धरलेले आहेत, त्यामुळे ते बीएलडीसी असावेत अशी मागणी आम्ही लेखी करू, आणि लोकवर्गणी छताच्या कोब्यासाठी व जुन्या पत्र्यांच्या रंगासाठी वापरण्याचा ठराव मांडू. एक शंका उरते. पांढऱ्या फरशीच्या छतावरचे पाणी साठवून वापरता येईल का? लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते गावात कोणी विसरलेले नाही.

उत्तर: स्थापत्य अभियंता, लातूर

जरूर येईल, आणि त्यासाठी मातीच्या किंवा डांबरी छतापेक्षा फरशीचे छत अधिक स्वच्छ. चार खोल्यांचे छत मिळून दोन हजार चौरस फूट धरले, तर सातशे मिलिमीटर पावसात, गळती-बाष्पीभवन वजा जाता, वर्षाला लाखभर लिटर पाणी मिळते. पन्हाळीच्या पाइपला पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडणारी तोटी आणि त्यापुढे गाळणी बसवावी. टाकीत मावेल तेवढे स्वच्छतागृहासाठी व झाडांसाठी साठवावे आणि जास्तीचे पाणी शाळेच्या विंधन विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. टाकी व शोषखड्डा या दोन्ही गोष्टी इमारतीच्या पायापासून लांब असाव्यात, कारण काळ्या मातीत एका कोपऱ्याला सतत ओल मिळाली, तर तोच कोपरा आधी उचलला जातो.

नकाशा बदलल्यावर त्याची प्रत येथे अवश्य टाका. छज्जे आणि पट्ट्यांची मापे पाहून सांगेन.