पालकांना रस नाही, की आपलं बोलावणंच त्यांच्यापर्यंत पोचत नाही?

*ब-२०३ (चौथीतल्या मुलीचे बाबा):*
नमस्कार, इमारतीतली मंडळी. काल शाळेत पालकसभा झाली. वर्गात ३४ मुलं, आम्ही पालक होतो ९. ज्यांच्या घरी शाळेची भाषा बोलत नाहीत, त्यांच्यापैकी एकही नाही. या लोकांना मुलांच्या शिक्षणात रसच नाही का?

*अ-१०१ (आजी, निवृत्त शिक्षिका):*
दादा, 'रस नाही' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत वर्षानुवर्षं ऐकलं. सुरुवातीला स्वतःही म्हटलं. मग एकदा अशाच एका मुलाच्या घरी गेले. आई कधीच सभेला यायची नाही. कपाट उघडलं तर मुलाच्या तीन वर्षांच्या वह्या कापडात बांधून जपलेल्या, आणि त्यांतच सभेच्या सगळ्या सूचना. एकही चिठ्ठी टाकली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, आणि लेकराला 'वाचून दाखव' म्हणायला संकोच वाटत होता. त्या दिवसापासून हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

*ब-२०३:*
हा विचारच केला नव्हता. घाईत लिहून गेलो.

*क-४०२ (पहिलीतल्या मुलाची आई):*
मी पण त्या न आलेल्यांपैकीच आहे, आमच्या वर्गाच्या सभेत. आमची घरची भाषा वेगळी. सभेत सगळे भरभर बोलतात, मला निम्मं कळतं, मग मान हलवून परत येते. गेल्या वेळी माझ्याच मुलाला मध्ये उभं करून त्याच्याबद्दलची तक्रार त्याच्याच तोंडून मला सांगायला लावली. त्यानंतर गेले नाही.

*अ-१०१ (आजी):*
असं कधीच व्हायला नको होतं. मुलाला दुभाष्या करायचं नाही, निदान त्याच्या स्वतःच्या प्रगतीबद्दल तर मुळीच नाही. सहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ते ओझं टाकायचं नसतं. शिवाय आईसमोर त्याचा आणि त्याच्यासमोर आईचा मान जातो.

*क-४०२:*
आजी, अजून एक विचारते. तो वर्गात बोलत नाही म्हणून 'घरी पण शाळेचीच भाषा बोला' असा सल्ला मिळाला. आम्ही दोन महिने तसं करतोय. आता तो घरीही गप्प असतो.

*अ-१०१ (आजी):*
अगं, ते आजपासून थांबव! तुझ्या भाषेत गोष्टी सांग, भांडण कर, लाड कर. नव्या भाषेत आलेली मुलं सुरुवातीला काही महिने नुसती ऐकतात, ते चालतं. पण घरी बोलणारं मूल घरीही मिटलं, तर तिथे लक्ष द्यायला हवं. काही आठवड्यांत मोकळा झाला नाही तर शाळेच्या समुपदेशकांना भेटू, मी येते सोबत.
जिम कमिन्स या अभ्यासकांनी हे फार स्पष्ट मांडलंय. दुसरी भाषा खेळण्याबोलण्यापुरती यायला साधारण दोन वर्षं लागतात, पण धड्यांची आणि गणितातल्या शाब्दिक उदाहरणांची भाषा यायला पाच ते सात. म्हणून अंगणात फडाफडा बोलणारं मूल पेपरात अडखळलं की ते मठ्ठ ठरतं, आणि खरं तर ते अजून वाटेवर असतं. घरच्या भाषेत पक्की झालेली समज पुढे दुसऱ्या भाषेतही कामाला येते. आणि आपली भाषा बोलणं हा मुलाचा हक्कच आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम ३० मध्ये तो लिहिलाय.

*ड-३०४:*
मग आपण पुढाकार घेऊन शाळेत एक मोठा विविधता दिन करूया का? सगळे आपापले पोशाख घालून येतील, नाच, गाणी. वातावरण छान होईल.

*क-४०२:*
असा एक दिवस झाला होता. माझ्या मुलाला मध्ये उभं करून सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पुन्हा भिंतीपाशी एकटा.

*अ-१०१ (आजी):*
मुलाचं सुखदुःख त्या मधल्या सुट्टीतच ठरतं. दिन करा, पण रोजचं आधी. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती, रोज भांडणं. एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. आपला भाग त्याने बाकीच्यांना समजावायचा. अडखळणाऱ्या मुलाला चिडवलं तर आपलाच धडा अपुरा राहतो, हे मुलांना आपोआप कळलं. आधी ऐकायला लागली, मग एकत्र खेळायला. मी वर्गात हे करून पाहिलंय. गोंगाट होतो, वेळ जास्त लागतो, पण भिंतीपाशी उभं राहणारं मूल गटात येतं.

*अ-५०१ (समुपदेशक):*
पालकांच्या बाबतीत जेम्स कोमर यांचं काम आठवतं. ते अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ. १९६८ मध्ये तिथल्या न्यू हेवन शहरातल्या दोन प्राथमिक शाळांत त्यांनी सुरुवात केली. शाळेचा कारभार बघणाऱ्या गटात शिक्षकांबरोबर पालक आणि मानसिक आरोग्याचं काम करणारे लोकही बसवले. नियम तीन: कुणाला दोष द्यायचा नाही, निर्णय सहमतीने घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून काम करायचं. दोष न देण्याचा नियम मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचा वाटतो. सभा 'तुमचा मुलगा...' अशी सुरू झाली की पालक दारातूनच परत फिरतात.

*ब-२०३:*
मी उद्याच बाईंशी बोलतो. छापील सूचनेसोबत घरच्या भाषेत आवाजी निरोप पाठवता येईल. आपल्या इमारतीत किती भाषा येतात ते इथे लिहा. मी दोन भाषांत बोलू शकतो.

*ड-३०४:*
मी एका भाषेत. आणि सभा दोन वेळा ठेवायला सांगा, सकाळी आणि कामावरून सुटल्यावर.

*अ-१०१ (आजी):*
नुसतं ऐकायला बोलावू नका, शिकवायलाही बोलवा. शिवणकाम करणारे बाबा टेप घेऊन आले तर मापनाचा धडा त्यांच्याइतका चांगला मी शिकवू शकणार नाही. बाप वर्गात शिकवताना दिसला की मूल दोन बोटं उंच होतं. आणि बाईंना सांगा, हजेरीत प्रत्येकाचं नाव घरी उच्चारतात तसंच घ्यायचं, येत नसेल तर आईला विचारून.

*क-४०२:*
माझ्या मुलाचं नाव रोज चुकीचं घेतात. तो आता दुरुस्तही करत नाही.

*ब-२०३:*
मला आवाजात पाठवा. मी आधी स्वतः शिकतो, मग बाईंना ऐकवतो. पुढच्या सभेला आपण दोघांची घरं मिळून जाऊ. मी शेजारी बसेन, अडलं की विचारा.

*क-४०२:*
येते. धाकटीला आणलं तर चालेल का?

*ड-३०४:*
आणाच. मागच्या बाकावर मी बाळांना घेऊन बसते.