मदत हवी आहे: चाकूचा सरळ भाग छान पाजवला जातो, टोकाकडचा गोलवा बोथटच राहतो

नमस्कार मंडळी,

कॅम्पिंगला वापरायचा चाकू मी घरीच पाजवतो. कार्बन स्टीलचं पातं, फोल्डिंग नाही, स्कँडी ग्राइंड आहे, म्हणजे दोन्ही अंगांना रुंद सपाट उतार आणि तो थेट धारेपर्यंत गेलेला. याचं सुख असं की कोन मोजत बसावं लागत नाही, उतार दगडावर नीट टेकला की झालं. १००० ग्रिटचा दगड (आकडा मोठा तितका दाणा बारीक), मग ३००० चा, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड. दगड मधे खोलगट झालेला नाही, काचेवर वॉटर पेपर ठेवून सपाट करून घेतो.

अडचण टोकाकडे आहे. मुठीपासूनचा सरळ भाग मस्त होतो, कागद सर्रकन कापतो, आणि एक बाजू घासून झाली की पलीकडून नख हळूच धारेकडे नेलं तर बारीक बर (घासल्यावर धारेवरून पलीकडे वळलेली धातूची कड) सगळीकडे एकसारखा अडकतो. पण पातं जिथून वळतं तिथून पुढे बर येतच नाही. म्हणून उतारावर मार्कर फासून थोडं घासून बघितलं, तर सरळ भागातली शाई अगदी धारेपर्यंत साफ गेली आणि गोलव्यात मात्र फक्त पाठीकडच्या कडेची पुसली गेली, धारेलगत काळी रेघ तशीच! म्हणजे तिथे दगड धारेला लागतच नाहीये.

मूठ उचलायला हवी हे माहितीये, पण किती आणि कुठून सुरुवात करायची? कमी उचलली तर धारेलगतची काळी रेघ तशीच, जास्त उचलली तर टोक झिजून गोल व्हायची भीती. आणि नुसती मूठ उचलायची की सोबत पातं दगडावर वळवतही न्यायचं?

दुसरं, सुक्या कडक लाकडावर काम केलं की धार मुडपते. स्कँडीचा कोन एका बाजूने साधारण १२ अंशच असतो, त्यामुळे धार तशी नाजूकच. २० अंशाला अगदी हलका मायक्रोबेव्हल (फक्त धारेच्या कडेला जास्त कोनाचा बारीक दुसरा उतार) द्यावा का? दिला तर पुढच्या वेळी उतार टेकवून धारेपर्यंत पोचायला बराच धातू घासावा लागेल, ते जिवावर येतं.

कृपया ग्राइंडर सुचवू नका, पातळ धार पटकन तापते आणि स्टीलचं पाणीच उतरतं, मग कितीही पाजवा टिकत नाही. ओढायचे शार्पनरपण नकोत, ते स्वतःचाच कोन पाडतात, स्कँडीची वाट लागते. गंजाचा प्रश्न नाहीये, पुसून तेलाचा हात देतो आणि चामड्याच्या म्यानात ठेवून देत नाही कारण चामडं ओल धरतं.

स्कँडी वापरणाऱ्यांनी प्लीज सविस्तर लिहा. व्हिडिओ असेल तर बाजूने काढलेला द्या, वरून काढलेल्यात मूठ किती उचललीये ते काहीच कळत नाही.