दुसरी पाळी, मध्यरात्रीचं जेवण आणि छातीतली जळजळ : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातला, वय ४३. बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत दुसरी पाळी करतो, दुपारी ३ ते रात्री ११. घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. भूक इतकी कडकडून लागलेली असते की भाकरी, आमटी-भात, खर्डा, जे असेल ते पोटभर खातो आणि साडेबाराला अंथरुणावर. दोन-अडीचला जाग येते ती घशाशी आंबट पाणी आल्यानंच. छातीच्या मधोमध आग. उठून बसलं की बरं वाटतं, आडवं झालं की पुन्हा तेच. चार महिने झाले.

सुरुवातीला घाबरून ईसीजी काढला, तो नीट आला. डॉक्टरांनी पँटोप्राझोल ही पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी दिली, "जेवणाआधी" म्हणाले. मी ती रात्री बाराला ताटावर बसताना घ्यायचो. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडली. आता दुकानातलं गुलाबी पातळ औषध घेतो, तासभर थंड वाटतं.

सगळे सांगतात, जेवण आणि झोप यांत तीन तास ठेव. मग मी पहाटे तीनपर्यंत जागायचं का? सहाला पोरीच्या शाळेची गडबड असते. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी जळजळही जास्त जाणवते. आमच्याकडं वितळलेलं लोखंड ओततात, तिथं डुलकी लागून चालत नाही. याचीच मला जास्त भीती आहे.

पाळी करणाऱ्यांनी जेवण कसं बसवलं? उशा वाढवल्या तर मान धरते. कॉटखाली विटा लावून खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद
दादा, मी चिकोडीकडं नर्स आहे. उशांनी पोट दुमडतं, त्यानं उलट त्रास वाढतो. कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून सहा-आठ इंच उंची द्या आणि डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे पोट अन्ननलिकेच्या खाली राहतं. मुख्य जेवण डब्यात न्या, सुट्टीच्या वेळेत साडेसात-आठला जेवा. घरी आल्यावर थोडा मऊ भात पुरे, खर्डा नको. ती गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते, ताटावर बसून नाही. डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. घास अडकतो का? वजन उतरलंय? शौचाला काळं होतं? यातलं काही असेल तर दुर्बिणीची तपासणी लागते. आणि दुखणं हातात-जबड्यात गेलं, घाम फुटला, तर जुन्या ईसीजीवर विसंबू नका, लगेच दवाखाना गाठा.

धागाकर्ता
ताई, घास अडकत नाही. पण वजन तीन किलो उतरलंय. ते मी जागरणावर ढकलत होतो, डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच जातो. विटा आत्ता लावल्या.