नापातलं क्वीन ॲन घर, बेड अँड ब्रेकफास्ट: रंगाने चिकटलेल्या खिडक्यांचं काय करावं?

माळरान:
कॅलिफोर्नियातल्या नापा गावात 1890च्या दशकातलं, क्वीन ॲन या जुन्या शैलीचं लाकडी घर चालवायला घेतलंय, पाच खोल्या पाहुण्यांना देतो. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्या रंगाच्या थरांनी बंद झाल्यात. ठेकेदार म्हणतो, काढून व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या) बसवा. दुरुस्त होतील का?

पटाशी:
व्हिनाइल नको! हे बहुधा जुन्या जंगलातलं रेडवूड आहे. असं घट्ट रेषांचं लाकूड आता सहजी मिळत नाही.
आधी शिसं तपासा. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर 1978 मध्ये बंदी आली, त्यामुळे तुमच्याकडे ते असणारच असं धरून चाला. कोरडं घासू नका. पाणी फवारून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, धूळ हेपा व्हॅक्यूमने (बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीच्या) ओढा.
झडप (खिडकीचा वर-खाली सरकणारा काचेचा भाग) आणि चौकट यांच्या फटीतला रंग आतून-बाहेरून सुरीने कापा. आतली पट्टी काढली की खालची झडप बाहेर येते. झडप तोलून धरणारं वजन कप्पीवरून जाणाऱ्या दोरीने तिला बांधलेलं असतं. दोरी सोडण्याआधी दोरीला गाठ मारा, नाहीतर ते वजन भिंतीच्या पोकळीत पडतं. पडलंच, तर चौकटीच्या बाजूला खाली एक लहान झाकण असतं. ते रंगाखाली दिसत नाही, बोटाने चाचपडून पाहा. दोन झडपांमधली बारीक पट्टी काढताना बहुतेक वेळा मोडतेच, नवी आणून ठेवा.
दोरी विणीची सुती घ्या, नायलॉनची ताणते. काचेसकट झडप वजनकाट्यावर ठेवा. खालच्या झडपेची दोन्ही वजनं मिळून तिच्यापेक्षा किंचित हलकी हवीत, वरच्या झडपेची किंचित जड. म्हणजे खालची मिटलेली राहते आणि वरची घसरत नाही. डबल काच घातली की झडप जड होते आणि जुनी वजनं तिला पेलत नाहीत.

गवंडी_सोनोमा:
पटाशी यांचं सगळं पटलं, पण सुरी लावण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. 24 ऑगस्ट 2014च्या 6.0 तीव्रतेच्या भूकंपात नापातल्या कितीतरी विटांच्या चिमण्या पडल्या, पायेही हलले. कर्णांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला, तर अडचण नुसत्या रंगाची नाही. आधी पाया आणि त्यावरची बुटकी लाकडी भिंत अभियंत्याला दाखवा, नाहीतर दुरुस्त केलेली झडप पुन्हा अडकेल.
झोपायच्या खोलीची खिडकी आगीत बाहेर पडायची वाटही असते. नव्या घरांना 5.7 चौरस फूट मोकळी जागा लागते. जुन्या वास्तूंसाठी कॅलिफोर्नियाची वेगळी संहिता आहे, तिच्यात कुठे सवलत मिळते ते नगर कार्यालयात विचारा. पण चिकटलेली खिडकी तशीच ठेवून पाहुणे घेऊ नका.

माळरान:
आभार! काम कधी काढावं? ऑगस्ट ते ऑक्टोबर द्राक्षतोडणीचा हंगाम, तेव्हा खोल्या भरलेल्या असतात.

पटाशी:
जानेवारी-फेब्रुवारीत, एकेक खोली घेऊन. थंडीत काच बसवायची जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) फार हळू सुकते, म्हणून झडपा उबदार शेडमध्ये न्या आणि मोकळ्या चौकटीला प्लायवूड ठोका. लांबीवर साय धरली की मगच रंग द्या, आणि तो काचेवर दीड मिलिमीटर चढवा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. कप्पी आणि दोरीला मात्र रंगाचा थेंबही लागू देऊ नका.