मेटॅगचं जुनं रिंगरवालं वॉशिंग मशीन, मोटर नुसती हूं करतेय

आयोवातला_सातारकर:
नमस्कार मंडळी, इथे एका शेतावरच्या लिलावात मेटॅग या अमेरिकन कंपनीचं जुनं मशीन मिळालं, मॉडेल ई, चौकोनी ॲल्युमिनियमचा टब आणि वर कपडे पिळायचे दोन रबरी रोलर, म्हणजे रिंगर. जिथे बनायचं ते न्यूटन गाव माझ्या घराजवळच, म्हणून मोह आवरला नाही. प्लग लावला की मोटर हूं करते पण फिरत नाही, मधला ॲजिटेटर (कपडे घुसळणारा दांडा) जाम बसलाय, टब पांढुरका पडलाय. वॉशिंग सोडा टाकून घासू का? आणि पुढेमागे साताऱ्याला न्यायचंय, ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?

वाइंडिंगवाला:
भाऊ आधी प्लग काढा, अडकलेली मोटर करंट खेचत राहते आणि वाइंडिंग जळतं. ही बहुतेक स्प्लिट फेज असणार, सुरुवातीला ढकलायला वेगळं स्टार्टिंग वाइंडिंग, वेग आला की सेंट्रिफ्युगल स्विच ते तोडतो. पडून पडून त्या स्विचचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकणारी टोकं, काळे होतात. बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. जड गेली तर बुश (मोटरच्या दांड्याचे बेअरिंग) कोरडे, तेल द्या. मोकळी फिरली तर पॉइंट बारीक पॉलिशपेपरने घासा. वायर मात्र बदलाच, जुनं रबर वाकवलं की चुरा होतो, अर्थिंगही नसतं आणि हात घालणार तुम्ही पाण्यात.

ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करेल, पण आपल्याकडचे ५० हर्ट्झ काही ६० होत नाहीत. १७२५ आरपीएमची मोटर १४२५ च्या आसपास येईल, वर तापेल जास्त. त्यापेक्षा इथे तेवढ्याच एचपीची २३० ची मोटर घाला, तिची पुली थोडी मोठी घ्या म्हणजे वेग जमेल. मूळची मोटर जपून ठेवा, विकू नका.

ओहायोची_मावशी:
सोडा अजिबात नको रे बाबा, ॲल्युमिनियम खातो तो! व्हिनेगरचं पाणी आणि मऊ स्पंज, बस. ॲजिटेटरवर गरम पाणी ओत, थोडा वेळ थांब, मग खालून पट्टा घालून सरळ वर ओढ. हातोडी नको, बेकेलाइटचा (जुनं कडक प्लास्टिक) असेल तर तडकेल. आमच्या बाजूला अमिश लोक (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन पंथ) ही मशीनं अजून रोज वापरतात, त्यामुळे पार्ट मिळतात. रोलर कडक झाले असतील तर प्रिंटिंग प्रेसच्या रोलरला रबर चढवून देणाऱ्यांना विचार. आणि वापर नसेल तेव्हा रोलरचा दाब सैल ठेवायचा, नाहीतर एका जागी चपटे होतात. पहिला कपडा घालायच्या आधी दाब सोडायची दांडी चालते का बघ, ओढणी, केस, बोटं काहीही आत जातं त्यात.

भंगारप्रेमी:
जुनं म्हणजे किती जुनं पण? रिंगरवाली मेटॅग १९८३ पर्यंत निघत होती, सीरियल नंबर बघा. शेतावरचं आहे म्हणताय तर आधी खाली पेट्रोल इंजिन असेल, वीज नसलेल्या घरांत पायाने किक मारून चालवायचे, धूर पाइपने बाहेर. एक सिलिंडरचं मॉडेल ९२, दोनचं ७२. फ्रेमचा फोटो टाका ना. इंजिनवालं निघालं तर साताऱ्यात हर्ट्झचा प्रश्नच मिटला 😀

आयोवातला_सातारकर:
वाइंडिंगवाले दादा, पॉइंटच होते! घासले, मोटर फिरली, बेल्ट अजून लावला नाहीये, आधी वायर बदलतो. मावशी, ॲजिटेटर गरम पाण्याने जरासा हलला, उद्या परत ओढतो. फ्रेमला खाली चार रिकामी भोकं आहेत, ती इंजिनची का?