सासवण्याचं करमरकर शिल्पालय मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का?

डोंबिवलीकर_बाबा:
पुढच्या शनिवारी अलिबागला चाललोय, बरोबर सासूबाई आणि दोन कार्टी (9 आणि 5). बायकोने सासवण्याच्या शिल्पालयाचा धोशा लावलाय. माझं म्हणणं पुतळे चौकाचौकात असतात की, त्यासाठी बीचचा अर्धा दिवस कशाला घालवायचा? कोणी गेलंय का, मुलं कंटाळतील का? आणि लॉन्चने उतरल्यावर लांब पडतं का?

खारावारा:
आम्ही वीस मिनिटांत बाहेर. छान आहे, पण एका माणसाचं काम म्हटल्यावर तेच तेच वाटतं. वाटेत असेल तर जा.

आगरी_सून:
वीस मिनिटांत काय बघितलंत हो? माझं माहेर त्याच बाजूला, पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं हे माझं ठरलेलं काम, त्यामुळे किती वेळा गेले ते आता मोजत नाही. ते म्युझियम म्हणजे शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं राहतं घर, आत खोल्यांमधून आणि बाहेर अंगणात शिल्पं. आवारात सिमेंटची म्हैस बसलीये, माझा भाचा तिच्यासमोर गवत धरून उभा होता!! बरंचसं काम सिमेंटचंच आहे, आधी मातीत घडवायचं, त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा आणि मग त्यात सिमेंट, पण लुगड्याच्या चुण्या बघाल तर सिमेंट आहे हे विसरायला होतं. मत्स्यगंधा आणि शंखध्वनी या दोघींसमोर जरा थांबा. आणि पुढारी सोडून साध्या माणसांचे चेहरे बघा, आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं अशीच दिसायची. सासूबाई रमतील, लिहून घ्या.
मांडव्याला उतरलात तर जवळच आहे, रिक्षाने जा. पावसाळ्यात साध्या लॉन्च बंद असतात, तेव्हा मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) चालू आहे का ते बघून निघा.

पेठेतला_पक्या:
पुण्यात शिवाजीनगरला मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघितलाय? 1928 चा, ब्राँझचा. तो ह्यांचाच. मी कित्येक वर्षं त्या रस्त्याने जायचो आणि करणारा माणूस कोण हे सासवण्याला गेल्यावर कळलं, लाजच वाटली. गंमत म्हणजे सुरुवातही महाराजांपासूनच झाली, लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर ह्यांनी महाराजांचं चित्र काढलं होतं, ते कुलाबा जिल्ह्याचा (म्हणजे आताचा रायगड) कलेक्टर ऑटो रॉथफील्ड याच्या नजरेला पडलं आणि त्याने पोराला जे. जे. स्कूलला जायची सोय करून दिली. मग कलकत्त्यात स्टुडिओ, लंडनला रॉयल अकॅडमी, आणि एवढं फिरून माणूस शेवटी परत सासवण्याला. ही गोष्ट मुलांना लॉन्चमध्येच सांगून ठेवा, मग 9 वर्षांचा तरी कंटाळणार नाही.

खारावारा:
बरं बाबा, आमचं चुकलं. उन्हाने डोकं उठलेलं, आणि म्हैस आम्ही बघितलीच नाही की काय 😅

आगरी_सून:
बघितली असेल, खरी समजून पुढे गेला असाल.

डोंबिवलीकर_बाबा:
ठरलं, शनिवारी आधी सासवणे, मग बीच. धाकटा आत्ताच विचारतोय म्हशीवर बसता येतं का.

आगरी_सून:
नाही!! हात पण लावू देऊ नका त्याला. गवत चालेल.