लांब पल्ल्यासाठी माउंटन बाइक ठेवावी की रोड बाइक घ्यावी?

प्रश्न

माझ्याकडे २९ इंची चाकांची, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक आहे. तिच्यावर साठ-सत्तर किलोमीटरच्या फेऱ्या नियमित होतात. आता मात्र एका दिवसात शंभर ते दोनशे किलोमीटर जाण्याची इच्छा असून, पुढे २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करण्याचाही विचार आहे. मार्ग बहुतांशी डांबरी असेल, परंतु मधूनमधून उखडलेला आणि थोडा कच्चा रस्ताही लागेल. अडचणी दोन आहेत. फेरीच्या शेवटच्या टप्प्यात तळहात आणि करंगळी बधिर होते, आणि सपाट रस्त्यावर, विशेषतः वारा समोरून असताना, रोड बाइकवाल्यांबरोबर राहणे मला जमत नाही. रोड बाइक घेतल्याने हे दोन्ही प्रश्न सुटतील, की आहे त्याच सायकलीत बदल करून भागेल?

प्रतिसाद १

वेगाच्या अडचणीचे मुख्य कारण हवा आहे. सपाट रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेल्यावर आपली बरीचशी ताकद हवा कापण्यातच खर्च होते, आणि हा खर्च वेगाच्या प्रमाणात न वाढता त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग २० वरून २५ वर नेला, तर केवळ हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. माउंटन बाइकच्या रुंद हँडलमुळे हात फाकलेले आणि छाती उघडी राहते, तर रोड बाइकवर खांदे आवळले जातात आणि पाठ खाली येते. वाऱ्यात जाणवणारा फरक मुख्यतः या बसण्यातून येतो. सायकलीच्या वजनाचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो आणि तो प्रामुख्याने चढावर दिसतो.

दुसरे कारण टायरचे आहे. टायर रुंद असला की सायकल जड चालते, ही समजूत अर्धवट खरी आहे. टायर फिरताना त्याचे रबर सतत दबते आणि पुन्हा सुटते, आणि त्यात ऊर्जा वाया जाते. रबर जाड, बाजू कडक आणि नक्षी खोल असेल तर अधिक वाया जाते. म्हणून डांबरावर तुम्हाला मागे खेचतात ते टायरवरचे उंच रबरी खिळे. रुंदीचा दोष त्या मानाने किरकोळ आहे. सस्पेन्शनचेही तसेच आहे. उभे राहून पेडल मारताना पुढचा फोर्क खालीवर होऊन ताकद खातो, त्यामुळे लॉकआउटची, म्हणजे सस्पेन्शन बंद करून फोर्क घट्ट करण्याची, सोय असेल तर डांबरावर ती नेहमी वापरावी.

तुमचा मार्ग प्रामुख्याने डांबरी असल्यामुळे माझे मत रोड बाइकच्या बाजूने आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातील कारणे मान्य असूनही निष्कर्ष घाईचा वाटतो. २९ इंची चाक आणि रोड बाइकचे ७०० सी चाक यांच्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास एकच, म्हणजे ६२२ मिलिमीटर असतो. त्यामुळे या सायकलीला ४५ ते ५० मिलिमीटरचे, गुळगुळीत पृष्ठाचे आणि लवचीक बाजूंचे टायर सहज मिळतात, आणि नव्या सायकलीच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. याहून अरुंद टायर घ्यायचा मोह झाल्यास आधी रिमची आतली रुंदी पाहावी. रुंद रिमवर फार अरुंद टायर नीट बसत नाही आणि ते धोक्याचेही ठरते.

ब्रेव्हेचे म्हणाल, तर २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते आणि ती शर्यत नसल्यामुळे कोणाचाही क्रमांक काढला जात नाही. चालताना सरासरी ताशी १८ किलोमीटर राखली तरी सुमारे अकरा तासांत अंतर संपते आणि खाणे, पाणी, पंक्चर यांसाठी दोन तासांहून अधिक वेळ हाती राहतो. गुळगुळीत टायरवरची माउंटन बाइक एवढे निश्चित करू शकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. टायर लगेच बदलीन, परंतु हातांचे काय? आहे त्याच सायकलीला रोड बाइकसारखे खाली वळलेले ड्रॉप हँडल बसवले तर चालेल का?

प्रतिसाद ३

ड्रॉप हँडल बसवू नये, असे स्पष्टच सांगतो. माउंटन बाइकची फ्रेम सरळ हँडल आणि आखूड स्टेम (हँडल सायकलीला जोडणारा दांडा) गृहीत धरून लांब केलेली असते. त्यावर पुढे वळणारे हँडल आले की हात आणखी दूर जातात आणि तळव्यांवरचा भार उलट वाढतो. शिवाय रोडचे शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलण्याची कळ) आणि माउंटनचे डिरेलर (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) यांची केबल ओढण्याची मापे सहसा जुळत नाहीत, आणि हायड्रॉलिक ब्रेक असतील तर तेही बदलावे लागतात. एवढा खर्च करूनही हाती येणारी सायकल दोन्हींपैकी कोणतेच काम धड करणार नाही.

करंगळी बधिर होते ती तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दबल्यामुळे. सरळ हँडलवर पकड एकच असल्याने तीच जागा तासन्‌तास दबत राहते. ड्रॉप हँडलवर वरची, ब्रेकच्या मुठींवरची आणि खालची अशा किमान तीन पकडी मिळतात, आणि लांब पल्ल्यात मला रोड बाइकचा खरा फायदा वेगापेक्षाही हा वाटतो. तरीही आधी सीट तपासावी. तिचे टोक खाली झुकलेले असेल तर शरीर पुढे घसरते आणि सगळा भार हातांवर येतो. मग सायकल कोणतीही असो, बोटे बधिर होणारच. सीट समतल करून तळव्याला आधार देणाऱ्या पसरट ग्रिप आणि हँडलवर, ग्रिपच्या आतल्या बाजूला, छोटे बार-एंड (पकडण्यासाठीचे शिंगासारखे दांडे) बसवले, तर दुसरी पकड मिळते आणि हात जवळ येऊन वाराही थोडा कमी लागतो.

या बदलांनंतर शंभर किलोमीटरची फेरी करून पाहावी आणि तरीही हात कुरकुरत असतील, तरच नव्या सायकलीकडे वळावे. त्या वेळी शर्यतीच्या फ्रेमऐवजी हँडल उंच आणि जवळ असलेली एन्ड्युरन्स फ्रेम किंवा ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायर घेणारी, ड्रॉप हँडलची सायकल) पाहावी आणि दुकानदाराला फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर मावतो, हे आवर्जून विचारावे. उत्तर २८ मिलिमीटर आले, तर तुम्ही सांगितलेल्या उखडलेल्या रस्त्यावर ती त्रासदायक होईल. ३५ किंवा अधिक आले, तर विचार करण्याजोगी आहे. गिअरही मोजावेत. तुमच्या सायकलीच्या पुढच्या चक्रीला ३२ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीला ५० दात असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचे चाक पाऊण फेरीदेखील फिरत नाही. रोड बाइकवर ३४ आणि ३४ दातांची जोडी मिळाली तरी ते पूर्ण एक फेरी फिरते. दीडशे किलोमीटरनंतर लागणाऱ्या चढावर हा फरक गुडघ्यांना सोसावा लागतो, म्हणून चाचणीची फेरी सपाट रस्त्यावर न घेता जवळच्या सर्वांत तीव्र चढावर, पाठीवर नेहमीचे सामान घेऊनच घ्यावी.